शोभिवंत सागरी मासे : नर-मादी ओळख आणि जोडीची जुळवणी

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथून पूर्वेला जा किंवा पश्चिमेला, समुद्र गाठण्यासाठी जवळपास ३०० किलोमीटर अंतर तोडावे लागते. या शहराच्या दक्षिण भागातील बसवनगुडी ही जुनी वस्ती. बसव म्हणजे नंदी आणि गुडी म्हणजे देऊळ. नंदीच्या देवळामुळे वस्तीला हे नाव मिळाले. गांधी बाजारातील फुलांची दुकाने आणि कार्तिक महिन्यात भरणारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा ही तिची ओळख. समुद्राशी काडीचा संबंध नसलेल्या अशा वस्तीतही, नळाच्या पाण्यात तयार क्षारमिश्रण विरघळवून घरच्या काचेच्या टाकीत समुद्र निर्माण करणे आज शक्य झाले आहे. त्या टाकीत सोडण्यासाठी सर्वाधिक मागणी असते ती नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाऊनफिशला. २००३ मधील ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने हा मासा मुलांनाही परिचित केला.

हौशी ग्राहकाची मागणी साधी असते : एक नर द्या, एक मादी द्या. गोड्या पाण्यातील गप्पी माशांबाबत ती तत्काळ पुरवता येते, कारण गप्पीचा नर आकाराने लहान, रंगाने भडक आणि पोटाखालच्या टोकदार पराने ओळखू येणारा असतो. क्लाऊनफिशच्या पिलांबाबत मात्र विक्रेत्याने प्रामाणिक उत्तर द्यायचे ठरवले, तर ते असे असेल की, त्यांचे नर-मादीपण अद्याप ठरलेलेच नाही. रंगावरून, पट्ट्यांवरून किंवा परांवरून ते सांगता येत नाही. दोन मासे एकत्र राहू लागल्यानंतर त्यांच्यात जे नाते प्रस्थापित होते, त्यावरून ते ठरते. सागरी शोभिवंत माशांचे कृत्रिम प्रजनन करू पाहणाऱ्या प्रत्येक केंद्राला प्रथम हे कोडे सोडवावे लागते. त्याचे उत्तर प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील ‘क्रमिक उभयलिंगता’ या संकल्पनेत आहे.

समुद्रपुष्पातील उतरंड

क्लाऊनफिश समुद्रपुष्पाच्या विषारी शुंडकांच्या आश्रयाने राहतो. एका समुद्रपुष्पावर साधारणतः एक प्रजननक्षम जोडी आणि शून्य ते चार दुय्यम मासे आढळतात. या गटात आकारानुसार काटेकोर उतरंड असते. स्वयंपाकघरात मडक्यांवर मडकी रचताना सर्वांत मोठे तळाशी आणि मग क्रमाने लहान, तशीच ही रचना. सर्वांत मोठा मासा मादी, दुसऱ्या क्रमांकाचा मासा प्रजननक्षम नर आणि त्याखालचे सर्व अप्रजननक्षम असतात. सर्व पिलांच्या जननग्रंथीत अंडाशयाची व वृषणाची अशा दोन्ही ऊती असतात. नर होताना वृषणाची ऊती क्रियाशील होते, तर मादी होताना ती नाहीशी होऊन अंडाशय पूर्ण विकसित होते. मासा आधी नर आणि नंतर मादी होत असल्याने या प्रकाराला पुंपूर्व उभयलिंगता म्हणतात.

मादी मरण पावली की उतरंडीतील प्रत्येक मासा एक पायरी वर सरकतो. नर मादी होतो आणि तिसऱ्या क्रमांकाचा मासा नर होतो. हान्स फ्रिके आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील निबंधात हे दाखवून दिले. प्रबळ माशाचा धाक हेच खालच्या माशाचे लिंग रोखून धरणारे कारण आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मादी दिसेनाशी होताच नराच्या वर्तनात बदल होऊ लागतो. जननग्रंथीचा बदल मात्र त्यानंतर कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पूर्ण होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील संशोधनाने याला दुजोरा दिला. लिंगबदल सुरू झालेल्या माशाच्या मेंदूतील प्रजननाशी निगडित भाग आधी मादीसारखा होतो आणि जननग्रंथी मागाहून बदलते, असे त्यात आढळले. म्हणजे मासा अंडी घालण्यास समर्थ होण्यापूर्वीच मेंदूने आणि वागणुकीने मादी झालेला असतो.

जाता जाता एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. निमोची आई मरण पावल्यावर निसर्गनियमानुसार त्याचा बाप काही काळाने मादी झाला असता. शिवाय एका समुद्रपुष्पावरील मासे हे एक कुटुंब नसतेच. अंड्यांतून बाहेर पडलेले डिंभ प्रवाहाबरोबर वाहून जातात आणि कोठे तरी परक्या समुद्रपुष्पावर उतरतात. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनी येथील प्रवाळक्षेत्रात केलेल्या अभ्यासातून, एका गटातील मासे परस्परांचे निकटचे नातेवाईक नसतात हे सिद्ध झाले आहे. चित्रपटाला हा दोष देण्याचे कारण नाही. परंतु परीक्षार्थींनी त्यावरून जीवशास्त्र शिकू नये.

मग परक्या जोडीच्या घरात दुय्यम मासे वर्षानुवर्षे प्रजननाविना का राहतात? बस्टन यांनी २००३ मध्ये याचे उत्तर मांडले. हे मासे रांगेत उभे असतात. वरची जागा रिकामी होण्याची ते वाट पाहतात आणि तोपर्यंत स्वतःची वाढ जाणीवपूर्वक म्हणावी इतक्या अचूकपणे रोखून धरतात. वरच्या क्रमांकाच्या माशाच्या जवळपास आकाराने पोचणाऱ्या माशाला हाकलून लावले जाते आणि समुद्रपुष्पाबाहेर पडलेला क्लाऊनफिश भक्षकांपुढे फार काळ टिकत नाही. त्यामुळे येथे आकार हा केवळ वयाचा किंवा आहाराचा परिणाम ठरत नाही. २०२३ मधील उष्णतेच्या लाटेत पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरातील अनेक क्लाऊनफिशची लांबीच कमी झाल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. जोडीतील दोघेही आखडले, तेव्हा त्यांच्या जगण्याची शक्यता वाढलेली दिसली. तापमान बदलत असतानाही जोडीने आपले प्रमाण सांभाळावे, हे विशेष.

आधी नर की आधी मादी?

सर्वच लिंगबदल करणारे मासे क्लाऊनफिशप्रमाणे वागत नाहीत. मायकेल घिसेलिन यांनी १९६९ मध्ये मांडलेली ‘आकार-लाभ’ कल्पना येथे उपयोगी पडते. शरीर मोठे झाल्यावर ज्या लिंगाला अधिक संतती मिळू शकेल, ते लिंग आयुष्याच्या उत्तरार्धात यावे, असा तिचा आशय आहे. क्लाऊनफिश एकपत्नीक असतो. एका मादीची अंडी फलित करण्यास लहान नरही पुरेसा असतो. परंतु अंड्यांची संख्या मादीच्या शरीराच्या आकारावर अवलंबून असते. म्हणून जो मोठा, त्याने मादी व्हावे हे दोघांच्याही फायद्याचे ठरते.

इतर माशांच्या अंगावरील परोपजीवी टिपून खाणारा ‘क्लीनर रास’ याच्या नेमका उलट आहे. त्याच्यात एका मोठ्या नराच्या क्षेत्रात अनेक माद्या राहतात. क्षेत्र राखण्यासाठी अंगबळ लागते आणि क्षेत्र राखणाऱ्याला सर्व माद्यांकडून संतती मिळते. त्यामुळे येथे मासा आधी मादी आणि नंतर नर होतो. ही स्त्रीपूर्व उभयलिंगता. डी. आर. रॉबर्टसन यांनी १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील निरीक्षणांतून दाखवले की, नर नाहीसा झाल्यावर सर्वांत मोठी मादी काही तासांतच नराप्रमाणे वागू लागते आणि सुमारे दोन-अडीच आठवड्यांत शुक्राणू निर्माण करू शकते. शोभिवंत माशांच्या बाजारातील बुटके एंजलफिश आणि अँथियास हेही याच वर्गातील आहेत.

प्रवाळाच्या फांद्यांमध्ये राहणाऱ्या इवल्या गोबी माशांची तऱ्हा आणखी निराळी आहे. ते दोन्ही दिशांनी लिंग बदलू शकतात. १९९० च्या दशकात जपानी व ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हे सिद्ध केले. कारण व्यावहारिक आहे. एका प्रवाळावरून दुसऱ्यावर जोडीदार शोधत जाणे या माशाला जिवावरचे ठरते. जो कोणी भेटेल त्याच्याशी जोडी जमली पाहिजे. दोघे एकाच लिंगाचे निघाले, तर त्यांच्यापैकी एक जण बदलतो.

जन्मभर एकच लिंग असणारे सागरी मासेही अर्थातच आहेत आणि त्यांची ओळख तुलनेने सोपी असते. नर समुद्रघोड्याच्या पोटाशी पिलांची पिशवी असते. मँडेरिन माशाच्या नराच्या पाठीवरील पहिल्या पराचा पुढचा काटा लांब वाढलेला असतो. इंडोनेशियातील बांगाई कार्डिनल माशाचे नर व मादी बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात. तोंडात अंडी धरून उपाशी राहणारा तो नर, हीच त्यांची भरवशाची खूण. यांपैकी समुद्रघोड्याबाबत कायद्याचे भान ठेवणे आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये समुद्रघोड्यांचा समावेश करण्यात आला. त्यामुळे भारतीय समुद्रातून तो पकडून टाकीत ठेवणे ही हौस नव्हे, तर गुन्हा ठरतो.

पकडलेली जोडी आणि घडवलेली जोडी

या जीवशास्त्राचा व्यापाराशी थेट संबंध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या जागतिक संवर्धन संनियंत्रण केंद्राने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जगात दरवर्षी २ ते २.४ कोटी सागरी शोभिवंत माशांचा व्यापार होत होता आणि त्यात १,४७१ प्रजाती होत्या. गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांच्या सुमारे ९० टक्के प्रजाती संवर्धनातून येत असताना, सागरी मासे मात्र बहुतांशी प्रवाळक्षेत्रातून पकडलेले होते, असे हा अहवाल नोंदवतो.

जंगली जोडी म्हणून जे मासे विकले जातात, ते एका समुद्रपुष्पावरील पहिल्या दोन क्रमांकांचे असतात. म्हणजे मासेमाराच्या जाळ्यात नेमके तेच दोघे जातात, जे त्या जागी अंडी घालत होते. मागे उरलेल्या पिलांना वाढून नर-मादी होईपर्यंत बराच काळ जातो आणि तेवढा काळ ते समुद्रपुष्प वांझ राहते. समुद्रपुष्पही सोबत उचलले गेले, तर पुढे उतरणाऱ्या डिंभांना घरच उरत नाही. मोठा मासा तेवढा पकडावा आणि लहान सोडून द्यावा, हा खाण्याच्या माशांबाबत सांगितला जाणारा नियम येथे उलटा लागू पडतो. ही बाब व्यवस्थापनाच्या दृष्टीने महत्त्वाची असूनही पाठ्यपुस्तकांतून तिचा उल्लेख क्वचितच होतो.

याला पर्याय म्हणजे जोडी पकडण्याऐवजी घडवणे. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम व मंडपम येथील केंद्रांनी क्लाऊनफिश आणि डॅमसेल माशांच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले. ही संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली व तिचे मुख्यालय आता कोची येथे आहे. तमिळनाडूतील परंगीपेट्टै येथील अण्णामलै विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र केंद्रातही या विषयावर काम झाले आहे.

जोडी घडवण्याची पद्धत उतरंडीच्या नियमावरच आधारलेली आहे. एका टाकीत एक समुद्रपुष्प ठेवून त्यात निरनिराळ्या आकारांचे काही मासे एकत्र सोडले जातात. प्रारंभी पाठलाग आणि चावाचावी होते. काही महिन्यांत दोन मासे इतरांपेक्षा ठळकपणे वाढतात, समुद्रपुष्पाचा ताबा घेतात आणि बाकीच्यांना कोपऱ्यात रेटतात. हीच जोडी. ती स्वतंत्र टाकीत हलवली जाते. कोणत्याही तपासणीविना, केवळ निरीक्षणाने, मोठी ती मादी आणि लहान तो नर असे निश्चित सांगता येते. लहान मासा मोठ्यासमोर अंग थरथरवतो. ते शरणागतीचे लक्षण होय. ते दिसले की जोडी जमली असे समजावे.

येथे एक चूक महागात पडते. मादी झालेला क्लाऊनफिश पुन्हा नर होऊ शकत नाही. त्यामुळे दोन मोठे, देखणे, समान आकाराचे मासे निवडून एकत्र ठेवले आणि ते दोघेही माद्या निघाले, तर त्यांच्यापैकी एक बहुधा मरतो. उलट, एकाच वाफ्यातील रोपांसारखी दिसणारी दोन पिले निवडली, तर जोडी जमण्यात सहसा अडचण येत नाही, कारण दोघांपुढेही दोन्ही वाटा खुल्या असतात. प्रजनन केंद्राला मात्र येथे दुसरे पथ्य पाळावे लागते. निसर्गात भावंडे एकत्र राहत नाहीत. टाकीत ती राहतात. भावंडांच्या जोड्यांमधून पिढ्यानपिढ्या बीज घेतल्यास अंतःप्रजननाचा धोका संभवतो. म्हणून प्रजनक मासे वेगवेगळ्या तुकड्यांतून निवडणे व त्यांची नोंद ठेवणे आवश्यक असते.

कौलावरची अंडी

जोडीला शिंपल्याचे मांस, कोळंबी, माकूल असा सकस आहार दिला जातो. टाकीत समुद्रपुष्पाजवळ मातीचे कौल किंवा कुंडी ठेवतात. अंडी घालण्यापूर्वी ही जोडी तोंडाने ती जागा घासून स्वच्छ करते. एका वेळी काही शे अंडी घातली जातात. प्रथम नारिंगी दिसणारी अंडी हळूहळू काळपट होतात आणि शेवटी त्यांत डिंभांचे चंदेरी डोळे चमकतात. या काळात परांनी पाणी हलवून अंड्यांना प्राणवायू पोचवणे आणि मेलेली अंडी काढून टाकणे ही कामे मुख्यतः नर करतो. सुमारे २८ अंश सेल्सिअस तापमानाला ६ ते ८ दिवसांनी, अंधार पडल्यावर थोड्याच वेळात अंडी फुटतात. चांगली जोडी साधारणतः दर पंधरवड्याला अंडी घालते.

खरी कसोटी येथून पुढे असते. जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांबीच्या डिंभांना जिवंत अन्नच लागते. पहिल्या दिवसांत रोटिफर हे सूक्ष्म प्राणी, त्यानंतर आर्टेमियाची नुकती जन्मलेली पिले, असा क्रम आहे. रोटिफर वाढवायचे तर त्यांच्यासाठी सूक्ष्म शैवालाची पैदास आधी सुरू असावी लागते. म्हणजे माशाच्या एका पिलामागे दोन जिवंत पिकांची शेती उभी असते आणि यांपैकी एक पीक बुडाले की सर्व डिंभ एका रात्रीत जातात. सुमारे दोन आठवड्यांनी अंगावर पट्टे उमटू लागतात, तेव्हा धोक्याचा टप्पा ओलांडला असे मानले जाते. विक्रीयोग्य आकार येण्यास त्यापुढे काही महिने लागतात.

तंत्राचे हे दोन भाग पाहता कामाची विभागणी सुचते. जोडी, अंडी आणि डिंभ यांसाठी प्रयोगशाळा व प्रशिक्षित माणसे हवीत. पट्टे आलेल्या पिलांचे संगोपन मात्र किनाऱ्यावरील कुटुंबाला घराजवळ करता येते. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो या लखनौस्थित संस्थेने लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर शोभिवंत सागरी जीवांच्या प्रजननाचे केंद्र उभारून बेटावरील महिलांच्या गटांना संगोपनाचे प्रशिक्षण दिले, ते याच विचाराने.

महाराष्ट्रात राज्य शासनाचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये आणि त्याच्याशी संलग्न कांदळवन प्रतिष्ठान २०१५ मध्ये स्थापन झाले. नवी मुंबईतील ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्राच्या आवारात या ब्यूरोच्या तांत्रिक साहाय्याने शोभिवंत सागरी माशांचे बीजोत्पादन केंद्र उभारण्यात आले. २०१७ च्या कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजनेत खेकडापालन, कालवपालन यांच्या बरोबरीने शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश आहे. कांदळवन तोडण्यापेक्षा ते राखण्यात गावाला उत्पन्न दिसावे, हा या योजनेमागील विचार. केंद्र शासनाच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या, २०,०५० कोटी रुपयांच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतही शोभिवंत मत्स्यपालनाला स्थान आहे.

कोकणातील संगोपनाच्या अडचणी तमिळनाडूपेक्षा वेगळ्या आहेत. पावसाळ्यात खाड्यांच्या पाण्याची क्षारता एकदम उतरते, तर क्लाऊनफिशला एरवी हजारी ३० ते ३४ भाग क्षारतेची सवय असते. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळासाठी खारे पाणी साठवून ठेवणे किंवा क्षारमिश्रण विकत घेणे भाग पडते आणि खर्च वाढतो. वीज खंडित झाली की हवा पुरवणारे पंप थांबतात. पर्यायी व्यवस्था नसलेल्या गटाचे महिन्यांचे श्रम काही तासांत वाया जाऊ शकतात. अनुदानातून टाक्या घेणे सोपे असते, बॅटरीची तरतूद करणे राहून जाते, हा अनेक योजनांचा अनुभव येथेही लक्षात ठेवावयास हवा. शिवाय खरेदीदार किनाऱ्यावर नाही. तो बंगळूर, पुणे, हैदराबाद अशा समुद्रापासून दूरच्या शहरांत आहे. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून मासे तेथपर्यंत जिवंत पोचवणे हे या साखळीतील वेगळे कौशल्य आहे.

बसवनगुडीतील ग्राहकाला अशा केंद्रात जन्मलेली दोन पिले मिळाली, तर त्याने एक किंचित मोठे व एक लहान निवडावे आणि दोन्ही एकाच वेळी टाकीत सोडावीत. टाकीतील पिलांना समुद्रपुष्पही लागतेच असे नाही. एखादी मातीची कुंडी ते घर म्हणून स्वीकारतात. पुढील वर्ष-दीड वर्षात मोठे पिलू मादी होईल, लहान नर होईल आणि कुंडीच्या कडेला नारिंगी अंडी दिसू लागतील. नर त्यांना आठवडाभर वारा घालील. घरात रोटिफर नसल्याने त्या रात्री बाहेर पडलेले डिंभ सकाळपर्यंत बहुधा गाळणयंत्रात गेलेले असतील आणि पंधरवड्याने ती जोडी पुन्हा कुंडी घासू लागेल.